सात तारखेचे पैसे कुठे अडकतात: कंपनीचं रोखचक्र कसं मोजायचं आणि कसं वाचायचं

“ताळेबंदात दीड कोटी नफा दिसतोय, मग सात तारखेला पगार करताना मला बँकेत फोन का करावा लागतो?” भोसरीतल्या छोट्या-मध्यम कारखान्यांचे हिशेब बघताना हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. प्रश्न अगदी रास्त आहे. माल गेटबाहेर पडला, बिल निघालं की नफा वहीत चढतो. पैसे मात्र पार्टी देईल तेव्हा येतात. आणि स्टील, पगार, वीज यांचे पैसे त्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात. पैसे गेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख यांतलं अंतर म्हणजे कॅश कन्व्हर्जन सायकल. मी त्याला रोखचक्र म्हणतो.

सूत्र सोपं आहे: मालाचे दिवस (माल साठ्यात राहतो ते) अधिक वसुलीचे दिवस (बिलाचे पैसे यायला लागतात ते) वजा देण्यांचे दिवस (पुरवठादाराला पैसे द्यायला आपण घेतो ते). अहवालांत हेच डीआयओ, डीएसओ आणि डीपीओ म्हणून येतात. सूत्र पाच मिनिटांत शिकता येतं. आलेला आकडा वाचायला शिकणं हे खरं काम, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण धरून चालू. समजा, भोसरीत मशिन केलेले पार्ट बनवून चाकणच्या वाहन कंपन्यांना देणारा एक कारखाना आहे. आकडे मी हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत, पण घडण नेहमी दिसते तशीच आहे.

आधी आकडे नीट गोळा करा

वर्षाची विक्री ३६.५० कोटी, म्हणजे दिवसाला १० लाख. विकलेल्या मालाचा उत्पादन खर्च २७.३७ कोटी, दिवसाला ७.५० लाख. स्टीलची खरेदी आणि जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाची, बिलं मिळून १८.२५ कोटी, दिवसाला ५ लाख. हे सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत.

उत्पादन खर्च हा आकडा नफा-तोटा पत्रकात आयता मिळत नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात खर्च प्रकारानुसार दाखवतात. त्यामुळे वापरलेला कच्चा माल, साठ्यातला फरक, कारखान्यातले पगार, वीज, जॉबवर्क, घसारा यांची बेरीज आपणच करायची. कुठला खर्च धरायचा यावर मतभेद होतील. एकदा ठरवलं की दरवर्षी तेच धरा. नियम बदलला की दिवस बदलतात, आणि कारखान्यात काहीच बदललेलं नसताना सुधारणा झाल्यासारखी वाटते.

आता ताळेबंद. साठा वर्षाच्या सुरुवातीला ४.२० कोटी, शेवटी ४.८० कोटी, सरासरी ४.५० कोटी. येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, ८.२६ कोटींवरून ९.४४ कोटी, सरासरी ८.८५. देणी, म्हणजे पुरवठादारांना द्यायचे पैसे, २.३६ कोटींवरून ३.५४ कोटी, सरासरी २.९५.

मग जीएसटी बाजूला काढा

ही पायरी वगळलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्यासाठी वेगळा मथळा द्यावासा वाटला. विक्रीच्या आकड्यात जीएसटी नसतो, पण पार्टीकडून येणं असतं त्यात असतो. १०० रुपयांच्या मालाचं बिल ११८ रुपयांचं होतं. विक्रीत शंभर लिहिले जातात, येण्यांत एकशे अठरा. या दोघांचा भागाकार केला की वसुली आहे त्यापेक्षा १८ टक्के सुस्त दिसते. देण्यांचंही तेच. म्हणून दोन्ही आकडे १.१८ ने भागा. जॉबवर्क आणि काही मालाचा दर वेगळा असू शकतो. इथे सगळीकडे १८ टक्के धरले आहेत. निर्यातीच्या बिलात कर सहसा लावलेला नसतो, ती येणी वेगळी ठेवा.

येणी ७.५० कोटी झाली, देणी २.५० कोटी. आता भागाकार:

मालाचे दिवस: ४.५० कोटी भागिले ७.५० लाख = ६०
वसुलीचे दिवस: ७.५० कोटी भागिले १० लाख = ७५
देण्यांचे दिवस: २.५० कोटी भागिले ५ लाख = ५०
रोखचक्र: ६० + ७५ − ५० = ८५ दिवस

तारखा लावून पाहिलं की हे डोळ्यांसमोर येतं. १ एप्रिलला स्टील आलं. त्याचे पैसे सरासरीने २१ मेला गेले. पार्ट होऊन माल ३१ मेला बाहेर पडला. पैसे आले १४ ऑगस्टला. २१ मे ते १४ ऑगस्ट हे ८५ दिवस कारखाना स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर चालला.

जीएसटी न काढता आणि देण्यांना खरेदीऐवजी उत्पादन खर्चाने भागून हेच गणित केलं तर उत्तर १०९ दिवस येतं. कारखाना तोच, वर्ष तेच, फरक २४ दिवसांचा. म्हणून कुणी “आमचं सायकल इतक्या दिवसांचं” म्हणालं की आधी भागाकार कसा केला ते विचारा.

एका दिवसाची किंमत काढा

सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित पायरी हीच. सूत्रात तिन्ही दिवस सारखे दिसतात, पण रुपयांत ते सारखे नाहीत. वसुलीचा एक दिवस म्हणजे जीएसटीसह ११.८० लाख. मालाचा एक दिवस ७.५० लाख. देण्यांचा एक दिवस जीएसटीसह ५.९० लाख.

म्हणजे वसुली एक दिवस लवकर झाली तर जेवढे पैसे सुटतात, तेवढ्यासाठी पुरवठादारांना दोन दिवस थांबवावं लागतं. बैठकीत “क्रेडिटर्स दहा दिवस ताणू या” असं कुणी सुचवलं तर हा हिशेब समोर ठेवा.

एकूण अडकलेली रक्कम: साठा ४.५० अधिक येणी ८.८५ वजा देणी २.९५, म्हणजे १०.४० कोटी. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचा दर १० टक्के धरला तर वर्षाचा भार १.०४ कोटी. मालकाचा नफा दीड कोटी आहे हे लक्षात घ्या.

मार्चअखेरच्या आकड्यावर विसंबू नका

पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं उदाहरण घ्या. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. ३१ मार्चला गोदामं पोत्यांनी भरलेली असतात, आणि तीच साखर पुढे वर्षभर विकायची असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याला एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) मात्र ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यायची. वर्षअखेरचा साठा धरून मालाचे दिवस काढले तर ते फुगलेले येणार; सप्टेंबरअखेरचा धरला तर कारखाना अचानक फार कार्यक्षम वाटणार. बाराही महिन्यांच्या अखेरची सरासरी घेतल्याशिवाय इथे काहीच बोलता येत नाही.

आपल्या पार्टच्या कारखान्यात उलटा प्रकार होतो. मार्चमध्ये माल जोरात निघतो, त्याची बिलं ३१ मार्चला साहजिकच येण्यांत दिसतात. वर्षअखेरची निव्वळ, म्हणजे जीएसटी काढलेली, येणी ८ कोटी, भागिले १० लाख, ८० दिवस. मालक घाबरतो. अशा वेळी मागे मोजत जायचं. मार्चची विक्री ४.२० कोटी, फेब्रुवारीची ३.१०, जानेवारीची २.९०. आठ कोटींतून मार्चचे ४.२० वजा केले, ३१ दिवस झाले, उरले ३.८०. फेब्रुवारीचे ३.१० वजा केले, आणखी २८ दिवस, उरले ७० लाख. जानेवारीच्या २.९० कोटींत ७० लाख म्हणजे साडेसात दिवस. एकूण साडेसहासष्ट. वसुली बिघडलेली नाही, मार्चची विक्री मोठी आहे एवढंच.

मालाचे ६० दिवस फोडा

साठ्याचे तीन ढीग करा: स्टील १.८० कोटी, अर्धवट माल १.६५ कोटी, तयार माल १.०५ कोटी. स्टीलला त्याच्या स्वतःच्या खपाने भागा. रोज साडेतीन लाखांचं स्टील लागतं, म्हणजे ५१ दिवसांचं स्टील पडून आहे. कारण विचारलं की “मोठी लॉट घेतली तर दर बरा मिळतो” असं उत्तर येतं. ते खरंही असेल, पण किलोमागे वाचलेले पैसे आणि पन्नास दिवसांचं व्याज एकदा कागदावर शेजारी मांडा. १० टक्के दराने ५१ दिवसांचं व्याज १.४ टक्के होतं. तीस दिवस पुरेल एवढंच ठेवलं तर त्यातलं ०.६ टक्का वाचतं. लॉटची सवलत यापेक्षा जास्त आहे का, एवढाच प्रश्न. कधी असते, कधी नसते.

अर्धवट मालात मला नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे बाहेर गेलेला माल. हीट ट्रीटमेंटला, प्लेटिंगला, ग्राइंडिंगला गेलेले पार्ट. चलान फाडलेलं असतं, माल कुणाच्या तरी शेडमध्ये असतो, आणि आपल्या शॉपफ्लोअरवर दिसत नाही म्हणून त्याच्या मागे कुणी लागत नाही. बाहेरची चलानं तारखेनुसार लावा आणि दहा दिवसांपेक्षा जुनी वेगळी काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला काहीतरी हाती लागतं.

वसुलीचे ७५ दिवस: इथे वेळ द्या

येण्यांची वयवार यादी काढा. आपल्या कारखान्याची डिसेंबरअखेरची निव्वळ येणी ७.५० कोटी धरू. त्यातली ५.२० कोटींची बिलं अजून मुदतीत आहेत: ५२ दिवस. मुदत उलटलेली २.३० कोटी: २३ दिवस. पहिला आकडा तुम्ही मान्य केलेल्या अटींचा आहे. फोन कितीही केले तरी तो हलणार नाही, त्यासाठी करार बदलावा लागेल. मेहनत दुसऱ्यावर करायची.

आता त्या २.३० कोटींतलं एकेक बिल घ्या आणि पुढे कारण लिहा. “पार्टी पैसे देत नाही” हे कारण चालणार नाही. का देत नाही ते लिहायचं. आपल्या उदाहरणात असं निघालं, आणि प्रत्यक्षातही प्रमाण बरंचसं असंच असतं:

दर-फरकाची बिलं, ९० लाख. स्टीलचे दर वाढले, नवा दर तोंडी ठरला, आपण नव्या दराने बिल केलं. पण पार्टीच्या सिस्टिममध्ये पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, जुन्याच दराची आहे. बिल पास होत नाही, आणि नाकारलंही जात नाही. तसंच पडून राहतं.

जीआरएन (माल मिळाल्याची पार्टीकडची नोंद) आणि रिजेक्शनचा घोळ, ८० लाख. पाचशे नग पाठवले, जीआरएन चारशे ऐंशीची झाली. वीस नगांची डेबिट नोट, म्हणजे वजावटीचा कागद, निघेपर्यंत पूर्ण बिल अडतं.

खरोखर उशिरा पैसे देणारी पार्टी, ६० लाख.

म्हणजे २३ दिवसांतले १७ दिवस आपल्या आणि पार्टीच्या कागदांत अडकलेत, फक्त ६ दिवस पार्टीच्या खिशात. वसुलीसाठी माणूस ठेवून रोज फोन करून हे १७ दिवस सुटत नाहीत. पीओ अमेंडमेंट हातात आल्याशिवाय नव्या दराने बिल करायचं नाही, फरकाचं वेगळं बिल नंतर. जीआरएनचा आकडा माल पोचल्याच्या दोन दिवसांत पोर्टलवर तपासायचा. हे काम अकाउंट्सच्या माणसाचं नाही, डिस्पॅचच्या माणसाचं आहे. त्याला ते आपलं वाटेपर्यंत काही बदलत नाही, हे मी बऱ्याच वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

मुदत कधी सुरू होते तेही पाहा. करारात ६० दिवस लिहिलेत, पण मोजणी बिलापासून की जीआरएनपासून? आणि पार्टी महिन्यातून दोनच ठरलेल्या तारखांना पैसे सोडत असेल तर एका दिवसाने हुकलेलं बिल पंधरा दिवस मागे जातं.

एक गोष्ट ठासून सांगतो. ३६.५० कोटींची उलाढाल असलेला हा कारखाना यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीच्या मर्यादेत बसत असेल आणि उद्यम नोंदणी केलेली असेल तर स्वतःच लघु उद्योग आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. करारात ६० लिहिले म्हणून कायद्याचे ४५ पुसले जात नाहीत. मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला लघुउद्योजक कचरतो, आणि त्याची भीती मला समजते. त्याच्यासाठी ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा, मार्ग आहे. बिल मंचावर चढतं, गिऱ्हाईक ते स्वीकारतं, बँका व्याजदराची बोली लावतात, पैसे काही दिवसांत मिळतात. पुढे गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे येत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेनं २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची झाली. आधी ही मर्यादा ५०० कोटी होती. गिऱ्हाइकाला “तुम्ही नोंदणी केली आहेच, आमची बिलं तिथे स्वीकारा” असं सांगणं तक्रारीपेक्षा पुष्कळ सोपं जातं.

देण्यांची सरासरी उलगडून पाहा

देण्यांचे दिवस ५०, ठीक वाटतात. स्टील आणि जॉबवर्क वेगळे करा. स्टीलवाला मोठा आहे, तो थांबत नाही: रोजचे ३.५० लाख, २५ दिवस, ८७.५० लाख. उरलेले १.६२ कोटी रोजच्या दीड लाखांच्या जॉबवर्कचे, म्हणजे १०८ दिवस. सरासरीच्या आड दोन-तीन मशिनवाला, त्याच गल्लीतला माणूस साडेतीन महिने थांबलेला आहे. तोही सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे, त्यालाही तोच ४५ दिवसांचा हक्क आहे.

आणि आता यात आयकरही आला. २०२३ च्या वित्त कायद्यानं आणलेली, सगळे ‘४३बी एच’ म्हणून ओळखतात ती तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं मुदतीबाहेर गेलेलं आणि वर्षअखेरीला न दिलेलं देणं त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळतं. आपल्या कारखान्यात ४५ दिवसांपलीकडचं देणं सुमारे ९५ लाख. २५.१७ टक्के दराने जवळजवळ २४ लाखांचा कर आधी भरावा लागतो. बिनव्याजी वाटणारी ही उधारी इतकी महाग पडते.

लिस्टेड कंपनी बाहेरून तपासताना

आतली यादी मिळत नसली तरी बरंच दिसतं. एप्रिल २०२१ पासून वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये येण्यांचं आणि देण्यांचं वयवार कोष्टक द्यावं लागतं, देण्यांत एमएसएमई आणि इतर वेगळे. साठा, येणी, देणी यांची गुणोत्तरंही असतात, आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाला तर कारण लिहावं लागतं. ती कारणं वाचा. सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही प्रसिद्ध होतो, तो मार्चच्या शेजारी ठेवा.

प्रकल्प करणाऱ्या किंवा आयटी कंपनीत “अनबिल्ड रेव्हेन्यू” (काम झालं, पण बिल निघालेलं नाही अशी विक्री) येण्यांत मिळवा, गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स वजा करा. देण्यांत “ॲक्सेप्टन्सेस” (पुढच्या तारखेला पैसे द्यायचं मान्य केलेल्या हुंड्या) दिसले तर ते बँकेमार्फतचं कर्ज आहे असं समजून वेगळे काढा. आणि तुलना त्याच धंद्यातल्या कंपनीशीच करा. रोजच्या रोज दूध विकणाऱ्या डेअरीचे आणि बॉयलर उभारणाऱ्या कंपनीचे दिवस एकमेकांना काहीच सांगत नाहीत.

८५ चे ८७ झाले

आता आपल्या कारखान्यात दोन गोष्टी करून पाहू. कागदांत अडकलेले १७ दिवस सोडवले: वसुली ७५ वरून ५८. आलेल्या पैशातून जॉबवर्कवाल्यांना ४५ दिवसांवर आणलं. आता स्टीलचे ८७.५० लाख आणि जॉबवर्कचे ६७.५० लाख, मिळून १.५५ कोटी, देण्यांचे दिवस ३१.

रोखचक्र: ६० + ५८ − ३१ = ८७.

आकडा दोन दिवसांनी बिघडला. एवढाच आकडा बघणारा बँकवाला किंवा संचालक नाराज होईल. पण रुपये मोजा. वसुलीतून जीएसटीसह २.०१ कोटी सुटले. जॉबवर्कवाल्यांना जीएसटीसह १.१२ कोटी दिले. ८८.५० लाख बँक खात्यात उरले, २४ लाखांचा कराचा प्रश्न मिटला, आणि साडेतीन महिने थांबलेल्या माणसांना पैसे मिळाले. वसुलीचा दिवस ११.८० लाखांचा आणि देण्यांचा ५.९० लाखांचा, म्हणून हे शक्य झालं. यासाठीच दिवस आणि रुपये दोन्ही एकाच कागदावर मांडायचे.

दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत एका पानावर एवढं लिहा: तिन्ही दिवस, प्रत्येकाच्या एका दिवसाची किंमत, मुदत उलटलेल्या दहा मोठ्या बिलांची कारणं, दहा दिवसांपेक्षा जुनी बाहेरची चलानं, आणि ४५ दिवस उलटलेली जॉबवर्कची देणी. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटसाठी यातले निम्मे आकडे तुम्ही काढताच. तिथे ९० दिवसांपलीकडची येणी सहसा ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे बँक किती पैसे काढू देईल त्या मर्यादेच्या हिशेबातून, वगळतात, त्यामुळे दर-फरकाचं जुनं बिल सुटलं की मर्यादाही थोडी मोकळी होते. पहिल्या महिन्यात दहा बिलांची कारणं लिहायलाच दोन दिवस जातील. त्या दोन दिवसांत डिस्पॅचच्या माणसाला शेजारी बसवा.